गाडी 'अजून ९६ किमी' कशावरून सांगते?



समजा, तुम्ही वरसे गावातून इलेक्ट्रिक गाडीने पुण्याला निघालात. कोलाड, सुतारवाडी करत विळ्यापर्यंत आलात. पुढे ताम्हिणी घाट. समोरच्या पडद्यावर आकडा आहे ९६ किमी. त्यावर विसंबून घाट चढायचा, की आधी चार्जिंग करायचं?

आधी घरातलं उदाहरण घेऊ. डब्यात ५ किलो तांदूळ आहेत, रोज अर्धा किलो लागतो, म्हणजे १० दिवस पुरतील. पण गणपतीत पाहुणे आले तर? डबा तोच, दिवस मात्र कमी! गाडीचं गणितही असंच आहे.

गाडी दोन गोष्टी पाहते

१) बॅटरीत किती वीज उरली? बॅटरीत डोकावून बघता येत नाही. म्हणून आत किती प्रवाह गेला आणि बाहेर किती आला, याचा पासबुकासारखा जमाखर्च ठेवला जातो. त्यात बारीक चुका साठत जातात. त्या सुधारायला बॅटरीचा व्होल्टेज आणि तापमानही तपासतात.

२) अलीकडे वीज किती खर्च झाली? समजा, १२ युनिट उरलेत (हे वीजबिलातलंच युनिट) आणि गाडी आतापर्यंत युनिटला ८ किमी धावली.

१२ × ८ = ९६ किमी.

म्हणजे हा आकडा मागच्या, बऱ्यापैकी सपाट रस्त्यावरून काढलेला आहे. काही गाड्या नकाशावरून पुढचा चढही धरतात, पण सगळ्या नाही.

घाटात काय होतं?

नववीतली स्थितिज ऊर्जा आठवा: mgh ऐवजी वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची असं लिहू. माणसांसह गाडी १५०० किलो आणि चढ ५०० मीटर धरू.

१५०० × ९.८ × ५०० = ७३.५ लाख ज्यूल

१ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे नुसतं वर चढायलाच सुमारे २ युनिट जादा लागले. सपाटीवरचे १६ किमी गेले की! उतारावर मोटर जनित्रासारखी चालून यातला काही भाग परत मिळवते, सगळा नाही. उलट, घाट उतरून आल्यावर आकडा वाढलेलाही दिसतो. तेव्हा फार हुरळून जाऊ नका.

मग जाहिरातीतला आकडा?

२०२० मध्ये आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किमी. म्हणजे युनिटला १० किमीहून जास्त. पण ही चाचणी ठरावीक वेगक्रमाने, रोलरवर गाडी चालवून होते. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. आपला रस्ता, वेग, एसी आणि सामान त्याला ठाऊक नसतं.

वर्गात करून पाहा

मुलांना विचारा: गाडीत आणखी ३०० किलो वजन असेल, तर त्याच चढाला किती युनिट जादा लागतील? (उत्तर: सुमारे ०.४)

आणि विळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर? ९६ मधून घाटाचे १६ वजा करा, शिवाय थोडी शिल्लक हाताशी ठेवा, आणि मगच ठरवा. पडद्यावरचा आकडा हा अंदाज आहे. तो कशावरून काढला हे कळलं, की मूल गणित नुसतं सोडवत नाही, वापरतं.