डॅनी के : चेक न फाडता केलेलं दान

कलावंताचं समाजकार्य म्हटलं की आपल्याला मोठ्या रकमेचा चेक आठवतो. पण कलावंताकडे पैशापेक्षा वेगळं काय देण्यासारखं असतं? हे समजून घ्यायला डॅनी के या अमेरिकन विनोदी नटाचं उदाहरण फार चांगलं आहे.

युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रांची मुलांसाठी काम करणारी संस्था. तिचा खर्च चालतो तो सरकारांनी आणि लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशावर. म्हणजे लोकांना कामच माहीत नसेल, तर पैसा येणार कुठून? 1954 साली युनिसेफने डॅनी केला आपला सदिच्छादूत केलं. तो भारत, ब्रह्मदेश, थायलंड अशा देशांत फिरला आणि त्या प्रवासावर 'असाइनमेंट चिल्ड्रन' हा माहितीपट निघाला. क्षयाची लस, मलेरियाची फवारणी, यॉज नावाच्या त्वचारोगावर पेनिसिलिनचं इंजेक्शन, असे रुक्ष विषय होते बघा. पण पडद्यावर हा माणूस मुलांसमोर वेडीवाकडी तोंडं करतो, मुलं हसतात, आणि प्रेक्षकाला ती मुलं परकी वाटत नाहीत. हे काम आकडेवारीच्या अहवालाने झालं नसतं.

त्याच पेनिसिलिनचा धागा आपल्यापर्यंतही येतो. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, त्याच 1954 साली उभा राहिला.

आता दुसरी बाजू, कलेची. डॅनी केला स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण कान पक्का तयार होता. तो मोठमोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रांसमोर उभा राहून संचालन करायचा, मध्येच माशा मारायची जाळी हातात घ्यायचा. लोक पोट धरून हसायचे, आणि संगीतही नीट वाजायचं! या कार्यक्रमांचं मानधन तो घेत नसे. तिकिटांचा पैसा वादकांच्या पेन्शन फंडात जायचा. वादकाची बोटं थकली की त्याचं उत्पन्न थांबतं, हे आपल्याकडच्या तमाशा कलावंतांना किंवा बँडवाल्यांना वेगळं सांगायला नको.

इथे खरा मुद्दा आहे. दोन्हीकडे त्याने आधी पाहिलं, की संस्थेकडे काय कमी आहे. युनिसेफकडे डॉक्टर होते, लसी होत्या. लोकांचं लक्ष नव्हतं. ऑर्केस्ट्राकडे उत्तम वादक होते. म्हातारपणाची तरतूद अपुरी होती. जे कमी होतं तेवढंच त्याने भरलं, आणि तेही स्वतःच्या धंद्यातल्या कसबाने. डॉक्टरकी त्याने डॉक्टरांवर सोडली.

यात एक धोकाही आहे. चेहरा मोठा झाला की काम झाकलं जातं. त्यावर उपाय एकच, पैसा आणि जबाबदारी संस्थेकडे राहिली पाहिजे. 1965 चं शांततेचं नोबेल युनिसेफला मिळालं, डॅनी केला नाही. 1987 साली तो गेला. लसीकरण थांबलं नाही. कुठल्याही प्रसिद्ध माणसाचं समाजकार्य जोखताना हाच प्रश्न विचारावा : उद्या हा माणूस नसेल, तर काम चालू राहील का?