यंत्राने सांगितलेली मात्रा

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत व्यसनांविषयी बोलण्याचा प्रसंग मला वारंवार येतो, आणि व्याख्यान आटोपून प्राध्यापक मंडळी चहाला वळली की कोणीतरी विद्यार्थी जवळ येऊन दबक्या आवाजात बहुधा तेच विधान करतो : "सर, आम्ही आंधळेपणानं काही घेत नाही. कितीपर्यंत चालतं, हे आधी चॅटजीपीटीला विचारून घेतो." असे म्हणणारा मुलगा उडाणटप्पू नसतो, आपण विवेकाने वागत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि म्हणूनच ती समजूत मला साध्या बेफिकिरीपेक्षा अधिक भयावह वाटते.

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मालेगाव-धुळे पट्ट्यात 'कुत्ता गोळी' या नावाने जी गोळी हातोहात फिरते, ती बहुधा अल्प्राझोलाम या चिंताशामक औषधाची असते. 'बहुधा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण पट्टीतून सुटी काढलेली, खिशातून खिशात गेलेली गोळी पाव मिलिग्रॅमची की एक मिलिग्रॅमची, अस्सल की बनावट, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही नसते. मुलगा यंत्राला विचारतो ते एका नावाविषयी, आणि यंत्र सांगते तेही त्या नावाविषयीच. तळहातावर जी वस्तू आहे तिच्याविषयी दोघांपैकी कोणालाच काही माहीत नसते. त्या संध्याकाळी पोटात दारू किती गेली, खोकल्याच्या औषधाची बाटली आधी रिकामी झाली की काय, यांतले मुलगा जेवढे लिहील तेवढेच यंत्रापर्यंत पोहोचते, आणि नशेत असलेला माणूस स्वतःची कैफियत किती अचूक मांडतो हे सांगायला नको.

अल्प्राझोलाम, मद्य आणि खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन ही तिन्ही द्रव्ये मेंदूचे श्वसनावरील नियंत्रण मंदावतात. एकेकटे जे शरीराने सोसले असते तेच एकत्र आले की झोपेत श्वास थांबू शकतो. त्यातही कोडीनचा स्वभाव विशेष दगाबाज आहे. यकृतातील एक विकर त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करते, आणि या विकराचा वेग जन्मतःच माणसामाणसांत इतका भिन्न असतो की एकाच बाटलीतला एकच घोट एकाला जेमतेम गुंगी आणतो, तर शेजारच्याच्या रक्तात मॉर्फिनचा धोकादायक साठा करतो. याच कारणास्तव अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देण्यास मनाई केली. ज्याच्या यकृताची ही प्रकृती कोणीही तपासलेली नाही, त्याला 'इतके चालेल' असे सांगण्याचा आधार तरी कोणता?

हे यंत्र मुळात काय करते, याविषयीही घोर अज्ञान आहे. अफाट मजकुरावर शिकवल्यानंतर, पुढचा शब्द कोणता येणे संभवनीय आहे याचा अंदाज बांधत ते वाक्य रचते. त्यामुळे खरे आणि खोटे दोन्ही ते सारख्याच ठाम स्वरात सांगू शकते. शिवाय विचारणाऱ्याच्या कलाने बोलण्याची त्याची प्रवृत्ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती फाजील होकार देते म्हणून ओपनएआय कंपनीने स्वतःच मागे घेतली, आणि दीर्घ संभाषणात सुरक्षेचे निर्बंध सैल पडू शकतात हेही तिने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मान्य केले. रात्री दोन वाजता, वसतिगृहाच्या खोलीत, तासभर चाललेले संभाषण हे दीर्घच असते!

'पण मुलांना ते असले काही सांगतच नाही' असे पालक मला समजावतात. सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट या संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये तेरा वर्षांची मुले असल्याची बतावणी करून चॅटजीपीटीशी संभाषणे केली, आणि तेच प्रश्न पुन्हा मोठ्या प्रमाणावर विचारून १,२०० उत्तरे मिळवली. त्यांपैकी ५३ टक्के उत्तरांत अपायकारक मजकूर निघाला, आणि मद्यासह अनेक अमली पदार्थ एकत्र घेण्याचे मेजवानीचे वेळापत्रकही संशोधकांना मिळाले. आणि केवळ अजाण मुलेच फसतात असे नाही : चॅटजीपीटीचा सल्ला घेऊन मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाऊ लागलेल्या साठ वर्षांच्या अमेरिकन गृहस्थाला भ्रम होऊन तीन आठवडे इस्पितळात राहावे लागले, याचा वृत्तान्त त्याच वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

यंत्र पुष्कळदा योग्य इशाराही देते, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. मुले त्याच्याकडे का जातात हेही मला कळते : औषधविक्रेता संशयाने पाहतो, वडील हात उगारतात, प्राचार्य दाखला हातात देण्याची धमकी देतात, आणि न रागावता उत्तर देणारे दुसरे कोणी त्यांना दिसत नाही.

उरलेल्या गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावतो. डॉक्टरांनी लिहून द्यायची गोळी ही 'ड्रग' नव्हे, असे अनेकांना वाटते. अल्प्राझोलाम औषधविषयक नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहे, औषधविक्रेत्याला तिच्या विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही तिचे नाव आहे. ही गोळी मनात येईल तेव्हा सोडता येते, हेही खोटे : दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. भांग चालते म्हणून गांजाही चालतो, हे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात तरी कोणी बोलू नये, जेथे सातपुड्याच्या पायथ्याची गांजाची शेती पोलिसांनी कितीदा तरी उपटून मुद्देमाल जप्त केला आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याने नुसती पाने आणि बिया वगळल्या आहेत, फुलोरा नव्हे. आणि मदत मागितली की अटक होते, ही भीती तर कायदा न वाचल्याची : त्याच कायद्याचे कलम ६४-अ, अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देते. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत, आणि तेथे माणूस बोलतो.

मित्र हाका मारूनही जागा होत नसेल, विचित्र घोरत असेल, ओठ निळसर पडत असतील, तर पडद्यावर प्रश्न टंकत बसू नये. १०८ ला फोन करावा, श्वास चालू असल्यास त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, आणि गोळ्यांची रिकामी पट्टी किंवा औषधाची बाटली जे सापडेल ते रुग्णवाहिकेतून सोबत न्यावे. कारण त्याच्या पोटात नक्की काय गेले, हे डॉक्टरांना त्या पट्टीवरूनच सर्वांत लवकर कळते.