मॅलिएबल आयर्न: भट्टी लावण्याआधी एक तुकडा तोडून बघा

मॅलिएबल आयर्न थेट ओतून मिळत नाही. आधी पांढरं बीड ओतावं लागतं: कार्बन साधारण २.५ टक्के, सिलिकॉन १ ते १.५ टक्के. त्यातला बहुतेक कार्बन सिमेंटाइटमध्ये अडकलेला असतो, म्हणून कास्टिंग ठिसूळ. ते ९००-९५० अंश सेल्सिअसला बरेच तास ठेवलं की सिमेंटाइट फुटतं आणि ग्रॅफाइटच्या गाठी बनतात. पुढे ७६० अंशांच्या आसपास तासाला ५-१० अंश इतकं सावकाश थंड केलं, की भोवती मऊ फेराइट राहतं. इथे घाई केलीत तर पर्लाइट मिळतं. ताकद वाढते, पण वाकण्याची क्षमता घटते.

माझी पहिली बॅच दोन दिवस भट्टीत होती, तरी वाकवताना तुटली. मी आठवडाभर तापमानाचे आलेखच चाळत बसले! दोष मात्र ओतकामातच होता. जाड भाग हळू गोठल्यामुळे तिथे ग्रॅफाइटचे पापुद्रे आधीच तयार झाले होते. कितीही तापवा, त्यांच्या गाठी होत नाहीत.

म्हणून भट्टी लावण्याआधी सर्वांत जाड भागाचा तुकडा तोडा. आत करडे ठिपके दिसले, तर ती बॅच पुन्हा वितळवा. प्रयोग फसला की शेवटची पायरी नंतर, पहिली पायरी आधी तपासा.