अंगठ्याएवढ्या जागेतली शिरगणती

फुलकोबीचा गड्डा जसा देठावर उभा असतो, तसा आपला मेंदू एका देठावर उभा आहे. डॉक्टर त्याला ब्रेनस्टेम म्हणतात, आपण मस्तिष्कस्तंभ म्हणू. आकार जेमतेम अंगठ्याएवढा. पण श्वास, रक्तदाब, गिळणे, खोकणे, झोप आणि जाग हा रोजचा व्यवहार तिथून चालतो. कविता, हिशेब आणि भांडणे वरच्या मजल्यावर!

या एवढ्याशा जागेत कोणकोणत्या जातीच्या चेतापेशी नांदतात, याची शिरगणती शतकाहून अधिक काळ चालू आहे. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा आकार पाहत. पण चेहऱ्यावरून माणसाचा धंदा कुठे कळतो? 1964 साली स्वीडनमधल्या डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी उंदरांच्या मेंदूला फॉर्माल्डिहाइडची वाफ देण्याची नवी रीत वापरली. नॉरॲड्रिनॅलिन बाळगणाऱ्या पेशी हिरव्या चमकल्या, सेरोटोनिनच्या पिवळ्या. त्यांच्या समूहांना त्यांनी ए-1, ए-2, बी-1 असे क्रमांक दिले, ते आजही चालतात. लेजरमध्ये एकदा पडलेला खातेक्रमांक सहसा कोणी बदलत नाही, हे बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला सांगायला नको.

श्वासाचा ताल धरणारा पुंजका 1991 साली फेल्डमन, स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. शेजारच्या भागाला एका परिषदेत वाइनच्या बाटलीवरून बोट्झिंगर हे नाव पडले होते, म्हणून हा 'प्री-बोट्झिंगर'. 2017 साली याच पुंजक्यातल्या जेमतेम पावणेदोनशे पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण विलक्षण शांत झाले. (प्राणायामवाल्यांनी लगेच टाळी मागू नये, प्रयोग उंदरांवरचा आहे.) मॉर्फीनसारखी औषधे वेदना शमवतात आणि जास्त झाली की श्वास थांबवतात, तेही बऱ्याच अंशी इथल्याच पेशींना गप्प करून. नेमकी जात कळली, तर वेदना जाईल आणि श्वास राहील असे औषध शोधता येईल. शिरगणतीचा खटाटोप यासाठी.

आता पेशीत कोणती जनुके चालू आहेत तेच वाचतात. 2023 च्या डिसेंबरात उंदराच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात पेशींचे 5,322 गट निघाले. गंमत अशी की विविधतेची गर्दी बुद्धिमान वरच्या मजल्यावर नव्हे, तर खालच्या जुन्या भागांत अधिक. हेड ऑफिसात एकसारखे साहेब. कॅशियर, दफ्तरी, शिपाई असे नाना तऱ्हेचे लोक भेटतात ते शाखेत!

याच देठावर आपल्या कायद्याने माणसाचा मृत्यू टेकवला आहे. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात लागू झाला. अवयवदानासाठी मस्तिष्कस्तंभ कायमचा बंद पडणे हा मृत्यू त्याने मान्य केला. चार डॉक्टर तपासणी करतात आणि किमान सहा तासांनी ती पुन्हा होते. व्हेंटिलेटर बाजूला करून रुग्णाला स्वतःचा श्वास येतो का, हे पाहतात. बाहेर बाकड्यावरच्या नातेवाइकांनी थोड्या वेळापूर्वीच आपल्या माणसाची छाती वरखाली होताना पाहिलेली असते, हाताला ऊब लागलेली असते. आणि डॉक्टरला त्यांना सांगायचे असते की ती हालचाल मशीनची होती.