खताने हिरवळ करपणे
हिरवळीवर प्रमाणाबाहेर रासायनिक खत पडल्यास गवत पिवळे पडून वाळते; यास खताने करपणे असे म्हणतात. खतातील क्षार मातीतील ओलाव्यात विरघळतात व परासरणामुळे मुळांतील पाणी बाहेर ओढले जाते. जमीन ओली असूनही गवत तहानेनेच मरते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने मूठभर खत एका जागी सांडले तरी तेथे डाग पडतो. दवाने भिजलेल्या पात्यांवर दाणे चिकटल्यासही पाती करपतात.

खत नुकतेच पडले असल्यास कोरडे दाणे प्रथम झाडून उचलतात. नंतर काही दिवस भरपूर पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली निचरू देतात. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत हे काम सावकाश करावे लागते, अन्यथा मुळे कुजतात.

करपलेला भाग लगेच खणून टाकण्याची घाई बहुधा अनाठायी असते. हरळीची जमिनीखालील खोडे पांढरी व टणक असतील, तर त्यांतून नवे कोंब फुटतात. शेतकऱ्याला नकोसा वाटणारा तिचा चिवटपणा येथे कामी येतो. खोडे तपकिरी व ठिसूळ झाली असल्यास मात्र वरची माती बदलून शेजारच्या हरळीची मुळे फुटलेली पेरे लावतात. नवी वाढ जोम धरेपर्यंत कोणतेही खत देत नाहीत.