वैमानिकाचा निर्णय आणि वेळेचा दाब

विमान-अपघातांच्या चर्चेत ‘वैमानिकाची चूक’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो. चूक कोणती झाली हे त्यावरून कळते. मुरलेल्या माणसाने ती का करावी हे कळत नाही. अशा कित्येक निर्णयांमागे विमानाबाहेरचा दाब असतो, आणि तो बहुधा कोणाच्या हुकमाच्या रूपाने येत नाही. वेळापत्रक, नियम, खोळंबलेले उतारू यांच्या रूपाने तो येतो व वैमानिकाला आपलीच इच्छा भासू लागतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर झालेला अपघात या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

त्या दिवशी शेजारच्या ग्रान कानारिया बेटाच्या विमानतळावर बाँबस्फोट झाला, आणि तिकडे निघालेली विमाने टेनेरीफच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यात आली. त्यांत डच केएलएम आणि अमेरिकन पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने होती. डच कप्तान त्या जातीच्या विमानांवरील आपल्या कंपनीचा प्रमुख प्रशिक्षक होता. हॉलंडमध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नियम नुकतेच कडक झाले होते. गरज पडल्यास तास वाढविण्याची पूर्वीची मुभा कप्तानाला राहिली नव्हती. मर्यादा ओलांडल्यास खटल्याचे भय होते. ती मोजण्याची रीतही इतकी किचकट की, त्याला कंपनीकडे विचारणा करावी लागली. पुढे वेळ वाचावा म्हणून त्याने तेथेच इंधन भरून घेतले. इतक्यात धावपट्टीवर ढग उतरू लागले. आणखी विलंब म्हणजे उड्डाणच रद्द. थकव्यापासून रक्षण करण्यासाठी केलेला नियमच येथे घाईचे एक कारण झाला, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनी विसरू नये.

नियंत्रण-मनोऱ्याकडून मिळाली ती उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. तरीही डच विमान धावू लागले. पॅन अ‍ॅमचे विमान अद्याप धावपट्टीवरच आहे की काय, ही उड्डाण-अभियंत्याची शंका कप्तानाने ठामपणे फेटाळली. सहवैमानिकाने ती उचलून धरली नाही. सुमारे दोन महिन्यांपूर्वी याच कप्तानाने त्याची या विमानावरील परीक्षा घेतली होती. टकरीत ५८३ माणसे दगावली. रेडिओवरील संदेश एकमेकांत मिसळले हेही एक कारण होते, व डच बाजूने अशा गैरसमजांवरच अधिक भर दिला.

आपल्याकडील उदाहरण अलीकडचे आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात, पाठीमागून वारा असताना उतरले आणि धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. २१ जण मृत्यू पावले. दुसऱ्या दिवशी सकाळचे तेथील उड्डाण त्याच कप्तानाकडे होते, आणि त्यासाठी तेथेच उतरण्याची ओढ त्याच्या निर्णयामागे होती, असे सरकारी चौकशी अहवालाने नोंदविले. त्या तळावर कप्तान अपुरे होते, ही उणीव मात्र व्यवस्थापनाची.

उतरणे रद्द करून पुन्हा वर जाणाऱ्या वैमानिकास शिक्षा करावयाची नाही, असे धोरण आज अनेक कंपन्यांनी लेखी स्वीकारले आहे. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, विमान नीट स्थिरावलेले नसताना होणाऱ्या अवतरणांपैकी केवळ सुमारे ३ टक्के प्रसंगीच वैमानिक माघार घेतात.