आगमनकाळ म्हणजे लवकर आलेला नाताळ नव्हे

डिसेंबर उजाडला की दुकानांत चांदण्या लटकतात, ऑफिसांत लाल टोप्या वाटल्या जातात आणि दहा-बारा तारखेपर्यंत नाताळची गाणी ऐकून कान किटतात. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र तोवर नाताळ सुरूच झालेला नसतो. तो सुरू होतो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, आणि त्याविषयी चर्चमध्ये नेमाने जाणाऱ्यांच्या मनातही बरेच घोळ असतात.

पहिला घोळ तारखेचा. आगमनकाळ १ डिसेंबरला सुरू होतो, ही समजूत चॉकलेटवाल्या कॅलेंडरांनी पसरवली; त्यांना २४ खिडक्या भरायच्या असतात. प्रत्यक्षात संत आंद्रेयाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, जो रविवार सर्वांत जवळचा तो आगमनाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे हा काळ कधी २८ दिवसांचा तर कधी जेमतेम २२ दिवसांचा. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला आणि चौथा आठवडा संध्याकाळपर्यंत आटोपलाही. चर्चचे नवे वर्षही याच पहिल्या रविवारी लागते, १ जानेवारीला नाही.

‘आगमनकाळ म्हणजे छोटा उपवासकाळ’ हे अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. त्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. सहाव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागात संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करत. धर्मगुरूंच्या पोशाखाचा जांभळा रंग अजूनही टिकून आहे. पण १९६९ च्या नियमावलीने कॅथलिक चर्चमध्ये या काळाचे वर्णन भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षा असे केले आहे. चर्चच्या कायद्यात प्रायश्चित्ताचे दिवस म्हणून वर्षभरातले शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ एवढेच येतात. मिस्सा लक्ष देऊन ऐकली तरी फरक कळतो: उपवासकाळात ‘आलेलुया’ बंद होते, आगमनकाळात ते चालू असते; रविवारी गाळले जाते ते फक्त ‘ग्लोरिया’. स्वखुशीने उपवास केला तर उत्तमच. केरळच्या सिरियन परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांत मात्र १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास पाळण्याची जुनी रीत आहे. मुंबई-पुण्यातला तुमचा मल्याळी शेजारी या दिवसांत मासळीला नाही म्हणाला तर त्याला आग्रह करू नका.

मग तयारी करायची ती कशाची? ‘बाळ येशूच्या वाढदिवसाची’ हे उत्तर अर्धेच बरोबर. १६ डिसेंबरपर्यंतचा भर ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनावर असतो, जे अजून व्हायचे आहे. म्हणून पहिल्या रविवारच्या वाचनात गोठा नसतो, मेंढपाळ नसतात. असतो तो ‘जागे राहा’ असा इशारा. बेथलेहेमची चाहूल खऱ्या अर्थाने १७ तारखेपासून लागते. मधले दोन रविवार योहान बाप्तिस्त्याचे, आणि मला हा माणूस फार उपयोगाचा वाटतो. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? लूकच्या शुभवर्तमानात त्याने दिलेली उत्तरे अगदी रोकडी आहेत. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कुणाला लुबाडू नये, पगारात भागवावे. तीन वर्षांतून एकदा हे वाचन नेमके तिसऱ्या, गुलाबी रंगाच्या आनंदाच्या रविवारी येते. वेदीवरून ते ऐकताना वसईतल्या बांधाच्या भांडणांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी सख्ख्या भावाशी धरलेला अबोला सोडणे हीसुद्धा याच काळातली तयारी.

चार मेणबत्त्यांचे हिरवे चक्र प्राचीन आहे असे सांगितले जाते. त्याचा ज्ञात इतिहास १८३९ चा. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा सांभाळ करणारे ल्युथरन पाळक योहान हिनरिख विखर्न यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुले पिच्छा सोडत नव्हती. आशा, शांती, आनंद, प्रेम ही मेणबत्त्यांची नावे लोकप्रिय आहेत, पण ती उपासनेच्या नियमांत नाहीत. चौथ्या रविवारी चक्राकडे नीट पाहा: चारही मेणबत्त्यांची उंची वेगळी, पहिली पार बुडाला टेकलेली.

८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त असते, निष्कलंक गर्भसंभवाचे. हा येशूच्या गर्भधारणेचा सण असा गैरसमज गोव्याबाहेरच नाही, गोव्यातही भेटतो. सण मरियेचा आहे: ती आपल्या आईच्या उदरात आली तेव्हापासून पापाच्या डागापासून मुक्त होती, या श्रद्धेचा. येशूची गर्भधारणा २५ मार्चला साजरी होते, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी.

आगमनकाळात लग्ने लावायला आता बंदी नाही. फक्त काळाचे भान ठेवून थाटमाट आवरता घ्यावा, एवढीच अपेक्षा.

राहिली एक समजूत, की हा सगळा कॅथलिकांचा मामला. अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या हा काळ पाळत नाहीत हे खरे. पण ल्युथरन पाळतात, अँग्लिकन पाळतात, आणि अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो आगमनाचा पहिला रविवार होता.